पावणेतीन गुंठ्यांची गरिबी

टेक्ससमध्ये गरजूंची सोय झाली, अभिनंदन! 1 सप्टेंबर 2025 पासून तिथल्या मोठ्या शहरांना, पाच एकर किंवा त्याहून मोठ्या मोकळ्या जमिनीवर नवी वसाहत होत असेल तर, ‘प्लॉट तीन हजार चौरस फुटांहून मोठाच पाहिजे’ असं म्हणता येत नाही. राज्यानेच शहरांचे हात बांधले. का, तर तरुण जोडप्यांना पहिलं घर परवडावं.

तीन हजार चौरस फूट म्हणजे पावणेतीन गुंठे. याला तिथे ‘लहान’ म्हणतात. कायद्याच्या मसुद्यात आधी 1,400 होते. पण तेवढ्याशा जागेत माणसाने श्वास कुठे घ्यायचा, म्हणून बहुधा दुपटीहून जास्त केले. आपल्याकडे पावणेतीन गुंठ्यांत भावकीचे तीन दावे, एक बोअर, दोन सातबारे आणि ‘भव्य निसर्गरम्य प्रकल्प’ असा फलक आरामात मावतो. निसर्ग तेवढा बाहेर राहतो. मुंबईच्या पुनर्वसनात तीनशे फुटांत आजी, दोन संसार, शिलाई मशीन आणि गणपती नांदतात, आणि पाहुणा आला की ‘बसा ना, जागा आहे’ असंही वर म्हणतात!

बरं, शहरांना मोठे प्लॉट हवे कशाला होते? ‘परिसराचं रूप टिकावं’ म्हणून. हे रूप म्हणजे काय, ते सरळ कुणी सांगत नाही. मी सांगतो. मुलांना शिकवणारी बाई, इस्पितळातली नर्स, नळ दुरुस्त करणारा, सगळे दिवसभर हवेत. संध्याकाळी मात्र त्यांनी तासभर गाडी हाकत दूर कुठेतरी झोपायला जावं. निर्लज्जपणाला नियमावलीत घातलं की त्याचं नगरनियोजन होतं. आणि यात तिथे गेलेली आपली मंडळी मागे नाहीत. चिंचपोकळीच्या दहा बाय बारात वाढलेला आपला पठ्ठ्या, कालपर्यंत भाड्याने राहणारा, आज हिरवळीवर पाणी मारत चिंता करतो, ‘इथे छोटी घरं आली तर रिसेल पडेल हो!’

कायद्यात एक सोयीची फटही आहे. घरमालकांच्या असोसिएशनच्या नियमांना तो हात लावत नाही. म्हणजे राज्याने नगरपालिकेला गप्प बसवलं आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला मोकळं सोडलं. सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगचा विषय ज्यांनी एकदा तरी ऐकलाय, त्यांना पुढचं मी सांगायला नको.