किमान गरज

गेल्या महिन्यात लॅमिंग्टन रोडवर जाऊन एक लॅपटॉप घेतला. अकरा इंची, वजन जेमतेम किलोभर, किंमत १६,९०० रुपये.

"कोणासाठी घेताय?" शेठनं विचारलं.

माझ्यासाठीच, म्हटलं. त्यानं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "हा स्टुडंट पर्पज आहे साहेब. बेसिक यूज." मी सांगितलं, मी पेपरात सदर लिहितो. "मग चालेल," तो म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की जरा लागलंच.

घेण्याचं खरं कारण चौथी सीट. डोंबिवलीहून सकाळच्या फास्टला बसायला मिळालं तर चौथी सीट मिळते, म्हणजे एक मांडी बाकावर आणि दुसरी पॅसेजमध्ये हवेवर. माझा जुना पंधरा इंची लॅपटॉप दोन मांड्यांचा होता. तो उघडला की तिसऱ्या सीटवरचे गृहस्थ घाटकोपरपर्यंत माझा लेख वाचायचे आणि वर शुद्धलेखन सुधारायचे. हा नवा एका मांडीचा. आमच्यासारख्यांचं टेक्निकल स्पेसिफिकेशन एवढंच.

घरी बॉक्स उघडला. बायकोनं हळदकुंकू आणलं, लॅपटॉप पाहिला आणि विचारलं, "बाकीचा कुठाय?"

बाकीचा कुठाय हे मलाही दुसऱ्या दिवशी कळलं. बॉक्सवर लिहिलंय ६४ जीबी. आत बघितलं तर ५८. दुकानात फोन लावला. शेठ म्हणाला, कंपनी हजारानं मोजते, कॉम्प्युटर १०२४ नं मोजतो, आणि थोडी जागा रिकव्हरीला बाजूला काढलेली असते. मुंबईत आयुष्य गेलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. ६४ हा सुपर बिल्टअप, ५८ हा बिल्टअप. विंडोजचं आणि तिच्याबरोबर आलेल्या बिनबुलाये अॅपचं सामान लागल्यावर उरले २७, तो कार्पेट. रेरा आल्यापासून बिल्डरला निदान कार्पेट एरिया सांगावा लागतो. लॅपटॉपला अजून रेरा नाही.

बरं, जागा वाढवता येईल का? नाही. स्टोरेज ईएमएमसी जातीचं, म्हणजे मोबाइलमध्ये असतं तसं, मदरबोर्डला चिकटवलेलं. रॅम ४ जीबी, तीही सोल्डर केलेली. "वाढत नाही साहेब," शेठ फोनवर म्हणाला. चाळीतल्या खोलीला निदान पोटमाळा काढता येतो.

पहिल्या आठवड्यातच मोठा अपडेट आला. तो म्हणाला, मला राहायला जागा नाही, एखादा पेनड्राइव्ह लावा. लावला. रात्री पाहुणे आले की त्यांना शेजाऱ्यांकडे झोपायला पाठवायचे, ती रीत आमच्याकडे लहानपणी होती. लॅपटॉपमध्येही आहे हे नवीनच कळलं. अपडेट दोन तास चालला, पेनड्राइव्ह चहाच्या ग्लासासारखा तापला, आणि सकाळी लॅपटॉपनं विचारलं, पुन्हा सुरू करू का?

इथे एक गंमत सांगतो. विंडोज ११ चालवायला किमान काय लागतं, हे मायक्रोसॉफ्टनं जाहीर करून ठेवलंय. रॅम ४ जीबी, स्टोरेज ६४ जीबी, दोन कोअरचा एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर. माझ्या लॅपटॉपची रॅम? ४. स्टोरेज? ६४. कोअर? दोन. एक मार्क जास्त नाही की कमी नाही. बोर्डात पस्तीसच्या पस्तीस मार्कांवर पास झालेला मुलगा हाच. अशा मुलाला आपण इंजिनीअरिंगला घालत नाही. लॅपटॉपला मात्र तो पास झालाय एवढ्यावरच घालतो.

'किमान' हा शब्द ज्यांनी शोधला त्यांना त्यात राहावं लागत नाही, हे किमान वेतनापासून सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या ऑफिसात ४ जीबी पुरेल असं ठरलं, तिथल्या टेबलावर ४ जीबीचा लॅपटॉप असेल यावर मी एक कटिंगसुद्धा लावणार नाही.

नुसतं लिहायला घेतलं तर यंत्र चालतं. ब्राउझर उघडला की मान टाकतं. बातमीचं एक पान उघडलं, त्यात एक व्हिडिओ, चार जाहिराती आणि 'नोटिफिकेशन चालू करू का' असं विचारणारी चौकट, की गोल चक्र फिरायला लागतं. जुना लॅपटॉप दमला की घरघरायचा. ह्याला पंखाच नाही. प्रोसेसर सहा वॅटचा, आपला झिरोचा दिवासुद्धा पंधरा वॅट खातो. त्यामुळे हा विचार करतोय की गेलाय, हे छातीला हात लावून बघावं लागतं.

पण खरा घात कीबोर्डानं केला.

मी मराठी इनस्क्रिप्टमध्ये टाइप करतो. इनस्क्रिप्टमध्ये स्वर बहुतेक डाव्या हाताला. नुसती कळ दाबली की काना उमटतो, शिफ्ट धरून तीच दाबली की आ. अक्षर डाव्या हाताचं, म्हणून शिफ्ट धरायची उजव्या करंगळीनं. आता अकरा इंचात सगळ्या कळा बसवायच्या म्हणजे कुणाचा तरी बळी द्यावा लागतो, आणि तो नेहमी उजव्या शिफ्टचाच देतात. २००७ साली आसूसनं सात इंची 'ई पीसी' काढला, तेव्हाही उजवी शिफ्ट वर जाणाऱ्या बाणाच्या पलीकडे नेऊन बसवली होती. माझ्या लॅपटॉपवर ती शेंगदाण्याएवढी आहे, आणि तिच्या नेहमीच्या जागी तो बाण आहे.

तर घरपट्टीवर लिहीत होतो. वरच्या ओळीत लिहून झालं होतं, 'घरपट्टीचा कर वाढला'. खालच्या ओळीत 'आयुक्त' लिहायला घेतलं. करंगळी शिफ्टवर टेकवली, म्हणजे मला वाटलं शिफ्टवर. ती बाणावर होती. कर्सर टुणकन वर गेला आणि क आणि र यांच्या मधोमध जाऊन उभा राहिला. आ चा झाला काना. मी कळांकडे बघून टाइप करतो, पडद्याकडे नाही, त्यामुळे बाकीचा आयुक्तही त्याच भोकातून आत शिरला. मजकूर तसाच गेला.

दुपारी संपादकांचा फोन. "अहो, 'घरपट्टीचा कायुक्तर वाढला' म्हणजे काय? हा नवीन उपकर आहे का?"

आहे म्हटलं असतं तरी चाललं असतं. लोकांनी भरलाही असता.

पडद्याबद्दलही थोडं बोलायला हवं, थोडंच, कारण तो आहेच थोडा. इंग्रजी माणसाला अकरा इंचात कदाचित भागत असेल. आपल्या लिपीला वर वेलांटी, रफार, अनुस्वार लागतो, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय लागतात. ओळ उंच होते. मेनूच्या पट्ट्या वजा जाता मला मजकुराच्या दहा ओळी दिसतात. अकराव्या ओळीत काय लिहिलं होतं ते आठवत बसावं लागतं. लेखात तोच विनोद दोनदा आला तर कारण हे.

स्वस्त लॅपटॉपचं आपल्याकडचं पुराण मोठं आहे. निकोलस निग्रोपोंटे नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं २००५ मध्ये शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. त्याच वर्षी ट्युनिसला संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या उपस्थितीत नमुना दाखवला. त्याला चार्जिंगसाठी हँडल होतं, ते दाखवतानाच हातात आलं. लॅपटॉप कारखान्यातून बाहेर पडला तोवर किंमत १८८ डॉलर झाली होती. दिल्लीनं २००६ मध्ये तो नाकारला, तरी पुढच्या वर्षी त्यातले काही रायगड जिल्ह्यातल्या एका धनगरवाड्यावरच्या शाळेत पोचले. मग दिल्लीला वाटलं, आपणच करू, तेही दहा डॉलरमध्ये. फेब्रुवारी २००९ मध्ये तो तिरुपतीला प्रकट झाला. बघतात तर ते माहिती साठवायचं नुसतं खोकं, त्याला पडदाच नाही. तिरुपतीला लोक केस देऊन येतात, हा पडदा देऊन आला.

त्यानंतर ५ ऑक्टोबर २०११ ला तेव्हाचे मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते 'आकाश' आला. सात इंची टॅबलेट, २५६ एमबी रॅम. बोटानं नुसता स्पर्श करून भागायचं नाही, दाबावं लागायचं. आकाश होता, पण डोअरबेलसारखा. प्रत्येक वेळी भाषणात 'गरीब विद्यार्थी' होता, आणि प्रत्येक वेळी भाषण करणाऱ्यानं त्याच यंत्रावर एखादी फाइल उघडून दाखवली असती तर पुढचं बरंच टळलं असतं.

माझी तक्रार नाही. खरंच. मला लिहायलाच लागतं, ते नोटपॅडमध्ये होतं, बॅटरी डोंबिवली ते सीएसएमटी आणि परत असे दोन दिवस पुरते, चहा सांडला तर रडू येणार नाही अशी किंमत आहे. चौथ्या सीटवर याच्याइतका गुणी लॅपटॉप नाही.

पण परवा जिन्यात तावडे भेटले. त्यांची मुलगी दहावी होऊन सिव्हिलच्या डिप्लोमाला लागली आहे. "तुम्ही घेतलाय ना तो छोटा? कसा आहे? दुकानवाला म्हणतो, स्टुडंटसाठी बेस्ट."

मी त्यांना जिन्यातच बसवलं आणि सगळं सांगितलं. कार्पेट, पस्तीस मार्क, सोल्डर, सगळं. तिला ड्रॉइंगची सॉफ्टवेअरं लागतील, ती ह्याच्यात शिरणार नाहीत, शिरली तर चालणार नाहीत. एवढ्याच पैशात एखाद्या कंपनीनं काढून टाकलेला, दुरुस्त केलेला जुना लॅपटॉप मिळतो, ८ जीबीचा, एसएसडीवाला. दिसायला ठोकळा असतो, पण झाकण उघडून रॅम वाढवता येते. तो घ्या.

तावड्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरोबर आहे हो तुमचं. पण तिचा पहिलाच आहे. सेकंडहँड कसा देऊ?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. रविवारी पेढे आले. सोबत मुलगी, हातात तोच अकरा इंची, वर हळदकुंकवाची बोटं, प्लास्टिक अजून काढलेलं नाही.

काल संध्याकाळी तिनं बेल वाजवली. "काका, हा म्हणतोय जागा नाही, पेनड्राइव्ह लावा. तुमच्याकडे आहे का?"

कॉलेज सुरू व्हायला अजून आठवडा आहे. पेनड्राइव्ह दिला. पाचशेच्या आतला आहे, आणि तिच्या अख्ख्या लॅपटॉपएवढा, ६४ जीबीचा.