वॉट मोठे, वायर खोटी

दिवाळीच्या सेलमध्ये साउंडबार घेणाऱ्याला तीनच प्रश्न पडतात. किती वॉटचा, हप्ता किती आणि वूफर सोफ्याच्या कोणत्या बाजूला. हे सगळं टीव्हीला जोडायचं कशाने, हा प्रश्न त्याला पडत नाही. पडू नये अशीच व्यवस्था असते. खोक्यावर ‘४०० वॉट’ वीतभर आकड्यांत, आणि जोडणी कशी करावी ते आतल्या घडीच्या कागदावर मुंगीच्या अक्षरांत, डझनभर भाषांमधून. त्यांत मराठी शोधू नये.

वॉटचं वेड तसं आपल्याला जुनंच. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर ‘पीएमपीओ’ नावाचा आकडा मिरवायचा. काखेत मावेल एवढा डेक आणि त्यावर हजारांत वॉट. तो आकडा काढायचं काही ठरलेलं मापच नव्हतं, त्यामुळे ज्याला जेवढं सुचेल तेवढं तो छापायचा. विजेच्या मीटरला मात्र या हजारांचा कधी पत्ता लागला नाही.

साउंडबार लागतो का, तर लागतो. पूर्वीच्या ट्यूबच्या टीव्हीला पोट असायचं, आणि त्या पोटात बऱ्यापैकी स्पीकर. ओनिडाचा केवाय थंडर तर आवाजावरच विकला गेला. आताचा टीव्ही बोटभर जाडीचा, त्याचे स्पीकर जमिनीकडे नाहीतर भिंतीकडे तोंड करून बसलेले. संवाद आपल्याला ऐकू येण्याआधी भिंतीला ऐकू येतो. तेव्हा खर्च रास्तच आहे. मुद्दा त्यापुढचा.

पुढे येतो तो ‘डेमो’वाला मुलगा. खोकं फोडतो, थर्मोकोल हॉलभर करतो, भिंतीला चिकटवलेल्या टीव्हीमागे एकदा मान तिरकी करून बघतो आणि निकाल देतो, “काका, ब्लूटूथवर करून दिलंय. वायरची झंझटच नको.” काका खूश. वायर दिसली नाही की तंत्रज्ञान पुढचं, ही आपली पक्की समजूत. फाइव्ह स्टारची विनंती करून मुलगा पसार होतो. त्याला दिवसभरात अशी बरीच घरं उरकायची असतात, त्याचा दोष कमीच.

रात्री मालिका लागते. सासूबाईंचे ओठ मिटतात आणि मग त्यांचा टोमणा ऐकू येतो. हे कुणाच्या लक्षात यायला आठवडा जातो, कारण मालिकेत प्रत्येक टोमण्यानंतर कॅमेरा तीन वेळा तीन चेहऱ्यांवर आदळत असतो. आवाज कुठल्या चेहऱ्याचा याची कुणालाच घाई नसते. क्रिकेटला मात्र भांडं फुटतं. बॅट फिरून खांद्यावर गेली की मग ‘टॉक्’. यात कुणी बिघाड शोधू नये. ब्लूटूथवर आवाज आधी आवळून बांधायचा, पाठवायचा, तिकडे उघडायचा आणि तुटू नये म्हणून थोडा साठवून मग वाजवायचा, यात सेकंदाचा एकदोन दशांश सहज जातो. ब्लूटूथ गाणी ऐकायला उत्तम. गाण्याला ओठ नसतात. ज्याला ओठ आहेत त्याला वायर लागते.

सोसायटीत एखादा अतिहुशार असतोच. तो म्हणतो, टीव्हीला मध्ये घ्यायचंच कशाला? सेट टॉप बॉक्सच्या मागच्या लाल-पांढऱ्या पिना थेट साउंडबारला. आता उलटं होतं: आवाज आधी, चित्र नंतर. कारण टीव्ही येणारं चित्र घासूनपुसून, हालचाल गुळगुळीत करून मगच दाखवतो, त्यात वेळ जातो, आणि तोवर आवाज परस्पर पोचलेला असतो. आवाज सव्वाशे मिलिसेकंद मागे पडला की माणसाला जाणवायला लागतं. पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदांतच. आधी वीज चमकते, मग गडगडतं, याची कानाला जन्मापासून सवय आहे. आधी गडगडलं तर तो दचकणारच.

तर टीव्हीच्या मागे एकदा बघावं. हात जात नाही, मान जात नाही. मोबाइल फटीत घालून फोटो काढावा आणि मोठा करून बघावा. एचडीएमआयची तीनचार भोकं दिसतील. त्यांतल्या एकावरच, काळ्या प्लास्टिकवर काळ्याच उठावाच्या अक्षरांत, ‘एआरसी’ नाहीतर ‘ईएआरसी’ लिहिलेलं असतं. आणि सेट टॉप बॉक्सवाल्याने नेमका तिथेच आपला बॉक्स खुपसून ठेवलेला असतो. बाकीचं कुठलंही भोक त्याला चाललं असतं. पण तो आधी आला होता, आणि आपल्याकडे जागा आधी येणाऱ्याची.

हे एआरसी, म्हणजे बोलीत आर्क, प्रकरण २००९ सालचं, एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीबरोबर आलेलं. तोवर त्या वायरीतून चित्र आणि आवाज टीव्हीत यायचे. आता टीव्हीतला आवाज त्याच वायरीतून उलटा साउंडबारकडे जाऊ लागला. जाणकार इथे लगेच चॅनेल, बिटरेट, अ‍ॅटमॉस असे घसा साफ करायला लागतात. माझ्या मते आर्कचा खरा उपकार आवाजाचा नाहीच. तो रिमोटचा आहे.

टीपॉयवर बघा. सेट टॉप बॉक्सचा एक, टीव्हीचा एक, आता साउंडबारचा तिसरा, साबणाच्या वडीएवढा आणि सोफ्याच्या फटीत शिरण्यासाठीच घडवलेला. दुपारी घरात आजी एकटी असते. तिला कीर्तन लावायचंय. टीव्ही लागतो, बुवा हातवारे करतात, आवाज नाही. ती टीव्हीचा आवाज शंभरावर नेते, तरी नाही, कारण साउंडबार झोपलेला. मग नातू ऑफिसातून फोनवर मार्गदर्शन करतो, आणि संध्याकाळपर्यंत दोघांचं बोलणं बंद असतं. आर्कच्या वायरीतून आवाजाबरोबर हुकूमही जातात: टीव्ही लागला की साउंडबार जागा होतो, टीव्हीच्याच रिमोटने त्याचा आवाज कमीजास्त होतो. म्हणून जोडणी निवडताना घरातल्या सगळ्यात तज्ज्ञ माणसाला विचारू नये. आजीला आवाज कमी करता येईल का तेवढं बघावं. जिने येईल ती वायर बरोबर.

आता हे हुकूम नेणाऱ्या सोयीचं खरं नाव सीईसी. पण प्रत्येक कंपनीने तिचं वेगळं बारसं केलंय. सॅमसंगकडे ती एनीनेट प्लस, एलजीकडे सिमप्लिंक, सोनीकडे ब्राव्हिया सिंक. पोर एकच, आत्या तीन. आणि कित्येक टीव्हींत ती मुळात बंदच असते, सेटिंगच्या तळघरात. तिथे जाऊन ती चालू केली नाही तर आर्कची वायर जोडूनही साउंडबार ढिम्म, आणि मग “वायरच खराब दिली” म्हणून दुकानदाराशी भांडण.

टीव्ही जुना असेल, आर्क नसेल, तर ऑप्टिकल. तोशिबाने १९८३ साली सीडी प्लेअरसाठी काढलेली ही वायर अजून इमानाने चालते आहे. हिच्यातून वीज जात नाही, तांबडा उजेड जातो. आपल्याकडे या गुणाला मोठी किंमत आहे. बऱ्याच घरांत अर्थिंग नावापुरतं असतं, आणि साध्या वायरीने जोडलं की स्पीकरमधून अखंड ‘हूंऽऽ’ सुरू. ऑप्टिकल लावली की दोन्ही यंत्रांचा त्या वायरीतून विजेचा संबंधच तुटतो आणि गुणगुण थांबते. वायरमन बोलावण्यापेक्षा स्वस्त.

तिच्या टोकांना मात्र पारदर्शक टोपणं असतात, शेंगदाण्याहून लहान. ती काढायची असतात. न काढता जोर लावणारे शूरवीर घरोघर आहेत. वायर बसत नाही म्हणून तिला दाबतात, भोकाची झडप मोडतात आणि मग आठवड्याने केर काढताना दुसरं टोपण सापडलं की विचारतात, हे काय आहे. टोपण काढून दुसऱ्या टोकाकडे बघावं, लाल ठिपका दिसला की आवाज निघालेला आहे. वायर काटकोनात मुडपून शोकेसमागे कोंबू नये, ती आतून प्लास्टिकच्या तंतूची आहे.

ऑप्टिकलची मर्यादा दोन. एक, हुकूम जात नाहीत, म्हणजे आजी पुन्हा अडकली. दुसरी, साधा दोन चॅनेलचा आवाज किंवा आवळलेला ५.१ (पाच स्पीकर आणि एक वूफर), यापलीकडे तिच्यात मावत नाही. अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही येणारा आवाज) तर नाहीच. आता ज्या घरात मुख्यतः मालिका आणि बातम्या चालतात तिथे बहुतेक सगळं दोन चॅनेलमध्येच येतं, तिथे या मर्यादेचं दुःख करू नये. बातम्यांच्या चर्चेतले आठ जण आठ स्पीकरांतून वेगवेगळे ऐकू यावेत असं कुणाला वाटतं?

हेडफोनच्या भोकातून जाणारी साडेतीन मिलिमीटरची पिन हा शेवटचा पर्याय. बाकी काहीच नसेल तर. तिथे टीव्हीचाही आवाज आणि साउंडबारचाही, दोन्ही कमीजास्त होतात, आणि घरात कुणाला किती ठेवायचा यावर एकमत होत नाही.

आता जाणकारांकडे वळू. यांना ईआर्क हवं असतं. २०१७ च्या एचडीएमआय २.१ आवृत्तीत आलेलं, साध्या आर्कहून कितीतरी रुंद. ब्लू-रे डिस्कवरचा, काहीही न गमावता आवळलेला ट्रूएचडी आवाज टीव्हीमार्फत न्यायचा तर ते लागतंच. पण ब्लू-रे आहे कुणाकडे? ओटीटीवरचा अ‍ॅटमॉस त्याहून जास्त आवळलेल्या रूपात येतो, आणि टीव्हीने साथ दिली तर साध्या आर्कमधूनही जातो. तरी पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत जाऊन हे लोक सोन्याचा मुलामा दिलेली, ४८ गिगाबिटची वायर घेऊन येतात. तो वेग चित्रासाठी आहे. ईआर्कचा आवाज जास्तीत जास्त ३७ मेगाबिटवर भागतो. आणि मुलामा गंज लागू नये म्हणून असतो. रत्नागिरीत समुद्राकाठी घर असेल तर जरूर द्यावेत चार पैसे. सदाशिव पेठेत खारा वारा येत नाही.

गंमत अशी की मिरवणुकीतली डॉल्बी म्हटली की हीच मंडळी दारं-खिडक्या लावून घेतात आणि पत्रं लिहितात, आणि त्याच नावाचा शिक्का साउंडबारवर नसेल तर दुकानातून परत फिरतात.

एवढी वायर आणूनही एक सेटिंग राहून जातं. टीव्हीच्या आवाजाच्या मेनूत ‘डिजिटल आउटपुट’ असतं आणि ते कित्येकदा ‘पीसीएम’वर असतं. तिथे राहिलं की टीव्ही आर्कवरून दोनच चॅनेल सोडतो. मागचे दोन स्पीकर एकतर गप्प, नाहीतर पुढच्यांचीच री ओढतात. ते ‘ऑटो’ किंवा ‘पास थ्रू’वर न्यायचं. दोन मिनिटांचं काम. ते न झाल्याने चाळीस हजारांचा ५.१ संच वर्षभर दोन स्पीकरांचं काम करत बसलेला असतो, आणि मालक पाहुण्यांना विचारत असतात, “मागून पाऊस ऐकू येतोय ना?” पाहुणे चहा घेत असतात, ते हो म्हणतात.

सगळं जमलं, वायर योग्य भोकात गेली, आजीचा रिमोट चालला, की रात्री दहानंतर ‘नाइट मोड’ लावावा. तो स्फोट दाबतो आणि कुजबुज वर उचलतो. मात्र त्यावर फार विसंबू नये, वूफरही थोडा खाली घ्यावा, कारण आपण ज्याला आपली फरशी म्हणतो ते खालच्या मजल्यावरच्या काकांचं छत असतं. त्यांना ना आर्क लागतं, ना ऑप्टिकल, ना सेटिंग. त्यांचं कनेक्शन स्लॅबमधून थेट आहे आणि त्यात उशीर अजिबात होत नाही.