कोलकाता : बसमधून पाहणे

सहलीच्या छापील पत्रकात पाऊस कधी पडत नाही. तिथं आभाळ कायम निळं असतं, व्हिक्टोरिया मेमोरियल नुकतंच धुतलेलं असतं आणि पुढच्या हिरवळीवर एक मध्यमवयीन जोडपं कुणीतरी विनोद केल्यासारखं हसत असतं. हेच कोलकाता ऑगस्टमध्ये इतकं स्वस्त कसं, हा प्रश्न पैसे भरताना कुणाला पडत नाही. एरवी कोथिंबिरीची जुडी चार वेळा उलटीपालटी करून घेणारा मराठी माणूस ‘पावसाळी सवलत’ हे शब्द समोर आले की त्यातला दुसराच तेवढा वाचतो.

पत्रकात प्रत्येक स्थळापुढं ते कसं दाखवणार हे छापलेलं असतं. ‘आतून’, ‘बाहेरून’ किंवा ‘बसमधून’. आतून म्हणजे तिकीट कंपनीनं काढायचं. बाहेरून म्हणजे फोटो आपण काढायचा. आणि बसमधून म्हणजे आपण ज्या बाजूला बसलो नाही त्या बाजूनं ते निघून जातं. कोलकात्यातल्या त्या सोमवारी पावसानं यात चौथ्या प्रकाराची भर घातली : ‘तिकडे आहे.’ गाइड काचेवरच्या वाफेकडे बोट करून सांगायचा, तिकडे राजभवन आहे, तिकडे ईडन गार्डन्स आहे. आम्ही बेचाळीस जण त्या वाफेचे फोटो काढायचो आणि घरच्या ग्रुपवर टाकायचो. सुना अंगठे दाखवायच्या.

सुरुवात मात्र चांगली झाली. कुमारटुलीत आम्ही खरोखर उतरलो. दुर्गापूजा तोंडावर आलेली, गल्लीभर बांबू आणि गवताचे सांगाडे, त्यावर गंगेची माती थापलेली, वर प्लास्टिकचं छत. ओल्या हवेत माती वाळेना, म्हणून एक कारागीर गॅसचा बर्नर घेऊन देवीच्या दंडाला शेक देत होता. आमच्यातल्या पेणच्या काकूंना ते पाहून माहेरच्या कारखान्याची आठवण झाली. ‘आमच्याकडेही पावसाळ्यात हीच तऱ्हा,’ त्या म्हणाल्या, ‘पण आमच्या गणपतीचं बरं असतं, चारच हात.’

‘आमच्याकडे’ या शब्दावर स्वतंत्र कर बसवला तर पर्यटन खातं फायद्यात येईल. मराठी माणूस गाव सोडतो तो गावाशी तुलना करण्यासाठी. हुगळी पाहून त्याला कृष्णेचा घाट आठवतो, मैदान पाहून शिवाजी पार्क, आणि कशाशीच तुलना जमली नाही तर ‘आमच्याकडे हे नाही, पण गरजही नाही’ असं म्हणून विषय मिटतो. हावडा पुलापाशी मात्र सगळे गप्प झाले. १९४३ साली सुरू झालेल्या या अवाढव्य पुलात एकही नट-बोल्ट नाही, सगळा पोलादी सांगाडा रिव्हेट ठोकून जोडलाय, असं गाइडनं सांगितलं. पुलावर बस थांबवू देत नाहीत. त्यामुळे नट-बोल्ट नसल्याची खात्री बेचाळीस जणांनी चालत्या बसमधून, पावसातून, उजव्या खिडकीवर ओणवं होऊन करून घेतली. पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेल्या काकांना एका जागी बोल्टसारखं काहीतरी दिसलं. ते दिवसभर त्यावर ठाम होते.

मग मेट्रो. देशातली पहिली मेट्रो १९८४ साली कोलकात्यातच धावली आणि नदीच्या खालून जाणारी पहिलीही इथलीच, मार्च २०२४ पासूनची. ‘पाण्याखालून’ म्हटल्यावर लोकांनी मनात मत्स्यालय उभं केलं होतं. प्रत्यक्षात हुगळीखालचा बोगदा पाऊण मिनिटात संपतो आणि नदी आल्याची खूण म्हणून भिंतीवर निळे दिवे लावलेत. ते दिवे नसते तर आपण नदीखाली आहोत की परळखाली, हे कळायला मार्ग नव्हता. सगळ्यांनी निळ्या दिव्यांचा व्हिडिओ घेतला. एस्प्लनेडला जिना चढून वर आलो तर पाणी इथं होतं. नदीखालचा बोगदा खडखडीत कोरडा आणि जमिनीवरचा रस्ता पाण्याखाली. अभियांत्रिकीचं हे यश मात्र कुणी चित्रित केलं नाही.

व्हिक्टोरिया मेमोरियलची दालनं सोमवारी बंद असतात. भारतीय संग्रहालयही सोमवारी बंद. १८१४ साली स्थापन झालेल्या त्या संग्रहालयात भरहुतच्या स्तूपाचे कठडे आहेत, इजिप्तची ममी आहे. ममी सोमवारी भेटत नाही हे इंटरनेटवर शाळकरी पोरालाही सापडतं. टूर मॅनेजरला विचारलं तेव्हा तो अत्यंत समजूतदारपणे म्हणाला, ‘म्हणून तर सोमवारी गर्दी नसते, काका.’ बाग उघडी होती, पण बागेत पाऊस होता. तेव्हा ‘आतून’चं ‘बाहेरून’ झालं, आणि पावसाचा जोर वाढल्यावर ‘बाहेरून’चं ‘बसमधून’.

यात तक्रारीला खरं तर जागा नाही. ज्या बाईचं हे स्मारक, तिनं हिंदुस्थान आतून, बाहेरून किंवा बसमधूनही पाहिला नव्हता. १९०१ मध्ये ती गेली, कर्झनसाहेबांनी स्मारकाचा घाट घातला, १९०६ मध्ये युवराजांच्या हस्ते पायाभरणी झाली, ताजमहालाला लागला होता तोच मकराण्याचा संगमरवर आला. बांधकाम चालू असतानाच १९११ साली राजधानी दिल्लीला न्यायचं जाहीर झालं. १९२१ मध्ये उद्घाटन झालं तेव्हा राणी नव्हती, राजधानी नव्हती, फक्त इमारत होती. आपल्याकडे निदान इमारतच नसते, बाकी सगळं जागेवर असतं. स्मारकाच्या घुमटावर कांस्याची एक परी आहे, ती वाऱ्याबरोबर फिरावी अशी मुळात योजना. आम्ही काच पुसून पुसून बराच वेळ पाहिलं. फिरली असेल तर आमच्याकडे पाठ करूनच.

जेवणाबद्दल थोडक्यात. पाऊस लागला की बंगाली घरात खिचुरी शिजते. भाजलेली मुगाची डाळ, गोविंदभोग तांदूळ, सोबत तळलेला इलिश. त्या दुपारी शहरातल्या प्रत्येक गल्लीतून तो वास येत होता. कंपनीच्या महाराजांनी मात्र आम्हाला मेथीची भाजी, वरणभात आणि श्रीखंड वाढलं. रसगुल्ला उद्या, कारण पत्रकात तो उद्या होता. दोन हजार किलोमीटर जाऊन घरच्यासारखं जेवायला मिळालं म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी हेच जेवण मिळतं तेव्हा टाळ्या का वाजत नाहीत, असं एका काकूंनी विचारलं, त्यावर काकांनी दुसऱ्यांदा श्रीखंड मागितलं.

कॉलेज स्ट्रीटला जायचं तर ठनठनियाच्या बाजूला गुडघाभर पाणी. टॅक्सी बंद, बस बंद, ऑटो बंद. फक्त हातरिक्षा चालू. या रिक्षा बंद करायचा कायदा राज्य सरकारनं २००६ मध्येच केला, नवे परवाने कधीचेच थांबले, पण पाणी तुंबलं की सगळ्या कोलकात्याला त्यांचीच वाट पाहावी लागते. कायदा कोरड्या हवेत केलेला असावा. समोर एक वयस्क बिहारी माणूस, लुंगी खोचून, हातात पितळी घुंगरू. आमच्यात एकदम करुणा दाटून आली. ‘माणसानं माणसाला ओढायचं? या युगात? छे, आपल्याला नाही बसवणार!’ असं म्हणत असतानाच एकानं विचारलं, ‘कितीला?’ त्यानं आकडा सांगितला. ‘एवढे?’ मग घासाघीस झाली. माणुसकीला काळिमा फासणाऱ्या या प्रथेचा दर निम्म्यावर आणूनच आमची मंडळी त्या प्रथेवर चढून बसली. माथेरानला हातरिक्षा होत्या, २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या अमानुष ठरवून थांबवायला सांगितल्या, तोवर आपण त्यात सहकुटुंब बसत होतो. तिथं हवा थंड असते म्हणून बहुधा लक्षात आलं नसेल.

कॉफी हाऊसमध्ये रवींद्रनाथांच्या तसबिरीखाली ‘इन्फ्युजन’ नावाची बिनदुधाची कॉफी मिळते. क्रांत्या, कवितासंग्रह आणि सिनेमे तिच्यावर उभे राहिले. आमच्यातल्या दहा जणांनी ती मागवली आणि वेगळं दूध मागितलं.

परतीच्या वाटेवर आचार्य प्रफुल्लचंद्र रोडवर, माणिकतल्याच्या अलीकडे, बस थांबली ती थांबलीच. पुढं पाणी, मागं पाणी. लोक पँट दुमडून, चपला हातात घेऊन, दिव्याच्या खांबांपासून हातभर लांबून चालत होते. ते इथं जन्मले होते, त्यांना खांब ओळखीचे होते. गाइडनं कारण सांगितलं. गंगेला भरती आहे, त्यात मोठा पाऊस, लॉकगेट बंद आहेत, ओहोटी लागली की उघडतील, मग पाणी उतरेल. शिवाय शहराचा उतारच नदीकडे नाही, उलट पूर्वेला, दलदलीकडे. आणि गटारं विटांची, इंग्रजांच्या वेळची.

हे ऐकून दादरच्या काकांचे डोळे पाणावले. मुंबईची महापालिका साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांची यादी पावसाळ्याआधी जाहीर करते ती ते फ्रीजवर लावतात. भरती, मोठा पाऊस आणि इंग्रजांची गटारं ही तिन्ही कारणं एका दमात, त्याच क्रमानं, परक्या मुलखात, परक्या माणसाच्या तोंडून! ते उठून पुढं गेले आणि त्यांनी गाइडचा हात हातात घेतला. ‘नालेसफाई शंभर टक्के झाली होती ना?’ त्यांनी हळुवारपणे विचारलं. गाइड हसला. दोन शहरांचं मन जुळलं.

वेळ जायला काहीतरी हवं म्हणून गाइडनं माइक घेतला आणि जरा चाचरत म्हणाला, ‘आपण आत्ता उभे आहोत तिथूनच मराठा डिच जात होता.’ बस जागी झाली.

१७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचं सैन्य भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालवर चालून आलं. बारगीर गावंच्या गावं लुटत होते. त्यांची धास्ती अशी की बंगाली आया पुढं पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या नावानं पोरं झोपवत आल्या. बसमध्ये अभिमान वाटून घ्यावा की ओशाळावं यावर एकमत होईना, तेव्हा दोन्ही अर्धं अर्धं वाटून घेण्यात आलं. कोलकात्याच्या रहिवाशांनी स्वखर्चानं शहराभोवती सात मैलांचा खंदक खणायचं ठरवलं. सहा महिन्यांत तीन मैल झाला. मराठे कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत, म्हणून काम थांबलं. १७५६ मध्ये सिराजुद्दौला आला, तो खंदकाला न जुमानता शहर घेऊन बसला. पुढं खंदकात कचरा साठला, आणि १७९९ च्या सुमारास बराचसा बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. तोच हा.

‘म्हणजे आपण आपल्याच खंदकात अडकलोय,’ पेणच्या काकू म्हणाल्या.

पाटबंधारेवाले काका भारावून गेले होते. ‘सहा महिन्यांत तीन मैल! सातपैकी तीन! आमच्या खात्यात एवढ्यावर पूर्णत्वाचा दाखला मिळतो.’ मग त्यांनी पैसा कुणाचा म्हणून विचारलं, आणि लोकांची वर्गणी होती हे कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला. ‘तरीच. सरकारी काम असतं तर सुधारित प्रशासकीय मान्यता घेऊन अजून चालू राहिलं असतं.’

‘आणि चालू राहिलं असतं तर आज हे पाणी त्यात गेलं असतं,’ टूर मॅनेजर बाहेर बघत म्हणाला. ‘पुन्हा खणायला काय हरकत आहे?’

‘पावसासाठी?’ काकांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. ‘अरे, पावसासाठी निधी मिळत नसतो. तो दरवर्षी येतो, त्याची भीती कुणाला? मराठे येताहेत असं कळव. महिन्याभरात सात मैलांचं टेंडर निघेल.’

‘मराठे तर आलेच आहेत की, काका.’

‘मग तसं लिही. बेचाळीस, बससह. आणि परत जायची तारीख टाकू नकोस.’