पांढऱ्याचं काय करायचं?

लोगो मागायला निघालं की माणसं नव्याने कळतात. आमच्या मंडळाच्या वेबसाइटसाठी प्रायोजकांचे लोगो गोळा करण्याचं काम माझ्याकडे आहे. "तुमचा लोगो पाठवता का?" या साध्या विचारणेला कुणी दुकानाच्या पाटीचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवतं, त्यात पाटीवरची ट्यूबलाइट आणि खाली लावलेली स्कूटरही येते. कुणी लेटरहेड स्कॅन करतं, जावक क्रमांकासकट. अनुभवी मंडळी थेट फ्लेक्सवाल्याचा नंबर देतात. "त्याच्याकडे सीडीआर फाइल आहे, मागून घ्या." त्याच्याकडे ती असतेच. फक्त गणपती ते दिवाळी तो फोन उचलत नाही.

या सगळ्या ऐवजात एक गोष्ट सारखी असते. चिन्ह लाल असो वा हिरवं, त्याच्याभोवती पांढरा कागद असतो. आणि आमची वेबसाइट आहे गडद निळी. हा रंग कार्यकारिणीने एकमताने निवडला, कारण तो 'रिच दिसतो'. तेव्हा त्या रिच निळ्यावर लहानमोठे पांढरे चौकोन उमटले आणि लोगो कुठे आहेत ते चौकोनांत शोधावं लागलं.

दोष जेपीजीचा आहे असं जाणकार म्हणतात, आणि ते खरंच आहे. जेपीजीतल्या प्रत्येक ठिपक्याला कुठला ना कुठला रंग असावाच लागतो. 'इथे काही नाही' असं म्हणायची सोय त्यात नाही. ती सोय पीएनजीत आहे. १९९६ साली आलेल्या या प्रकारात प्रत्येक ठिपका किती पारदर्शक तेही सांगता येतं. पण मोठ्या कष्टाने मिळवलेली पीएनजी लोक व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवतात, आणि वाटेत तिची पुन्हा जेपीजी होते. "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" हे वाक्य मी आता झोपेतही बोलतो, असं घरचे सांगतात. काही हौशी तर स्वतःच इंटरनेटवरून 'पारदर्शक' लोगो शोधून देतात. त्यात पारदर्शकता दाखवणारे ते करडे-पांढरे बुद्धिबळाचे चौकोन चित्रातच छापलेले असतात. फसवणुकीचा इतका निरागस प्रकार मी दुसरा पाहिलेला नाही.

मग पांढरं खरवडायला बसावं लागतं. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी जादूची कांडी असते. पांढऱ्यावर टेकवली की पांढरं नाहीसं. पण लाल गोलाच्या कडेचे ठिपके पुरते लाल नसतात. गोलाई मऊ दिसावी म्हणून ते अर्धे लाल, अर्धे पांढरे केलेले असतात. कागदावर ते कुणाला दिसत नाहीत. निळ्यावर आले की चिन्हाभोवती मळकट झालर उगवते.

पण ही झाली कारागिरीची अडचण. खरा पेच वेगळा आहे. लोगोतलं कुठलं पांढरं कागदाचं आणि कुठलं लोगोचं?

वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाचा पांडा घ्या. १९६१ साली संस्था निघाली तेव्हा सर पीटर स्कॉट यांनी तो काढला. काळ्या-पांढऱ्यातच उठून दिसणारा प्राणी निवडला की छपाईचा खर्चही वाचतो, असा त्यामागे हिशेब होता. हे वाचल्यापासून मला त्या थोर लोकांबद्दल आपुलकी वाटते. त्या चित्राच्या आजच्या रूपात शाई आहे ती फक्त काळ्या ठिगळांची. कान, डोळे, पाय. पाठीला धड रेघही नाही. पाठ आपले डोळे भरून घेतात. म्हणजे अर्धा पांडा कागदाचाच आहे. आता हा कागद काढून घ्या आणि काळी ठिगळं गडद निळ्यावर ठेवा. पांडा गेला. बरं, काळ्याचं पांढरं करून पाहा: डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं असलेला काळा प्राणी समोर येतो, आणि तो पांडा नव्हे. निसर्गसंवर्धनाच्या कामी नवीनच प्रजाती जन्माला घातल्यासारखं होतं. त्या पांडाला त्याचं पांढरं सोबत दिलंच पाहिजे.

उलट स्टेट बँकेचं १९७१चं चिन्ह पाहा. निळा गोल, त्यात किल्लीच्या भोकासारखी फट. शेखर कामत यांनी एनआयडी या डिझाइन संस्थेत ते केलं. ती फट पांढरी समजायची की आरपार? मला विचाराल तर भोक म्हटल्यावर त्यातून पलीकडचं दिसलं पाहिजे. पण आरपार ठेवून गोलही निळा आणि मागची भिंतही निळीच असेल, तर भोक कशाला पडलंय तेच कळणार नाही.

असा प्रश्न प्रत्येक लोगोला विचारत बसायचं का? वेबवाली तरुण मंडळी बसत नाहीत. त्यांच्याकडे कोडची एक ओळ असते, तिने सगळे लोगो एका फटक्यात शुभ्र होतात आणि गडद पानावर फार देखणे दिसतात. आमच्या पोरांनी ती वापरली. ज्यांच्या फायली पारदर्शक होत्या ते शुभ्र झाले. जेपीजीवाले अख्खेच्या अख्खे पांढरे ठोकळे झाले, आत काहीच नाही. मग कुणीतरी नुसते रंग उलटे करून पाहिले. आपल्याकडे पतसंस्थेच्या लोगोत गोल, दंतचक्र, गव्हाची लोंबी, स्थापना वर्ष आणि मधोमध संस्थापकांचा फोटो एवढं सगळं असतं. संस्थापकांचा एक्स-रे दिसू लागला तेव्हा तो प्रयोग थांबवण्यात आला.

"पण निळ्यावर निळा दिसणार कसा?" खजिनदार काकूंनी मधेच विचारलं. "मोरपंखी पैठणीवर मोरपंखी ब्लाउज शिवतं का कुणी?" काकूंना हे ठाऊक नसेल, पण पॅरिसच्या गोब्लँ या विणकामाच्या कारखान्यात रंगशाळा सांभाळणाऱ्या शेव्हरल यांच्यापुढे हाच विषय आला होता. काळा धागा फिका पडतो अशी तक्रार होती. त्यांनी तपासलं तर रंग चोख निघाला; शेजारचे निळे-जांभळे धागे त्याचं तेज खात होते. त्यावर त्यांनी १८३९ साली जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याच्याही कितीतरी आधी युरोपातल्या ढाली रंगवणाऱ्यांचा दंडक होता: सोन्यावर चांदी नको, रंगावर रंग नको. रणांगणात लांबून ओळख पटली पाहिजे. जेरुसलेमच्या राज्याने मात्र चांदीवर सोन्याचा क्रूस मिरवला. आमच्या सराफांचाही पांढऱ्यावर पिवळा लोगो आहे, तेव्हा परंपरा थोर आहे.

दोन रंगांच्या उजळपणातला फरक आता मोजताही येतो. काळ्यावर पांढऱ्याचं गुणोत्तर २१ला १, पांढऱ्यावर भडक पिवळ्याचं जेमतेम १.०७. वेबच्या सुगम्यतेची आंतरराष्ट्रीय तत्त्वं साध्या मजकुराला निदान ४.५ मागतात. पण त्याच तत्त्वांनी लोगोतल्या अक्षरांना सूट दिली आहे. जगात प्रायोजक कुणाला दुखवायचे नसतात!

शेवटी मी निळ्या पानाच्या तळाशी फिकट सायीच्या रंगाची रुंद पट्टी टाकली आणि सगळ्यांना तिच्यावर बसवलं. पांढऱ्याला साय जवळची, त्यामुळे चौकोन फारसे बोचत नाहीत. जे उरले ते मिसळून टाकायलाही एक ओळ असते. तिने पांढरं तेवढं पट्टीत विरघळतं. पांडाला कागद मिळतो, संस्थापक माणसात राहतात. पोरांना हे जुनाट वाटतं. वाटू दे. ज्याने पैसे दिले त्याचा लाल लालच दिसावा, या मताचा मी आहे. सराफांचं पिवळं तेवढं सायीवरही पुसटच आहे. त्यांची त्याबद्दल काही तक्रार नाही.

राहिला आकार. सगळ्यांना एकच उंची दिली की लांबट लोगो ऐसपैस पसरतो आणि गोल बिचारा चिमुकला दिसतो. म्हणून गोलांना उंची जास्त द्यावी लागते, लांबट्यांना कमी, आणि ते मोजपट्टीने नाही तर डोळ्यांनी ठरवावं लागतं. माझ्या डोळ्यांनी ठरलेल्या मापात अडीच हजारांच्या देणगीदाराचा लोगो पंचवीस हजारवाल्यांपेक्षा मोठा दिसतो, असं काकूंच्या लक्षात आलं आहे. रविवारी बैठक बोलावली आहे.