लोडशेडिंग पाहिजे

ताटातली पोळी वातड होत चालली होती. मी चौथ्यांदा हाक मारली. आतून उत्तर आलं, "बाबा, पॉज होत नाही! ऑनलाइन मॅच आहे. मी उठलो तर टीम मरेल."

पॉज होत नाही म्हणजे काय? आमच्या वेळच्या कॉन्ट्रा गेममध्ये स्टार्टचं बटण दाबलं की गोळीसुद्धा हवेत थांबायची. जेवून, हात धुऊन, बडीशेप चघळत परत यावं, तर गोळी बिचारी तिथेच.

वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं, डावं-उजवं, बी, ए. एवढं दाबलं की 30 जीव. मला आजही झोपेतून उठवून विचारा. वडील म्हणायचे, "एकोणतीसचा पाढा येत नाही, आणि हा मंत्र पाठ!" त्यांच्या मते गेमपायी तीन गोष्टी जाणार होत्या: माझे डोळे, माझी दहावी आणि टीव्हीची पिक्चर ट्यूब. त्यांची खरी काळजी ट्यूबची होती. टीव्ही हप्त्यावर होता.

तरी आम्ही बिघडलो नाही, असं मी मुलाला छाती काढून सांगतो. छाती आत घेतली की आठवतं ते वेगळंच. सात वाजले की बातम्या, गेम बंद. अडॅप्टरवर पापड भाजेल इतका तो तापला, गेम बंद. त्यातूनही उरलो, तर लोडशेडिंग. वीज गेली की सातव्या स्टेजवरून थेट पहिल्यावर, कारण कॅसेटच्या काही लक्षात राहायचं नाही. ज्याला मी संस्कार समजत आलो, ते वीज जाण्याचं वेळापत्रक होतं. पेपरात छापून यायचं.

आताच्या गेमला सात वाजतच नाहीत. रोजच्या हजेरीला बक्षीस, दोन दिवसांत संपणारा सीझन. पोरानं उठावं अशी जागाच त्यात ठेवलेली नाही.

काळजीनं मी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या काढली. 2022पासून 'गेमिंग डिसऑर्डर' अधिकृत आजारांच्या यादीत आहे. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या आधी गेम, आणि नुकसान दिसत असूनही तेच चालू. तेही साधारण बारा महिने. मुलगा शाळेत जातो, संध्याकाळी गुडघे फोडून घेतो, मित्रांशी भांडतो. पोळी थंड होणं यादीत नव्हतं. म्हणजे आजार नाही. पण उठवायला कुणीतरी लागणारच. घरचं लोडशेडिंग मीच व्हायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता गुपचूप राऊटर बंद केला. पहिली किंकाळी आली ती आईच्या खोलीतून. मालिकेत नेमकं लग्न मोडत होतं. पाठोपाठ बायको: "माझी मीटिंग!" मुलाच्या खोलीत मात्र शांतता. डोकावलो, तर तो माइनक्राफ्टमध्ये विहीर खणत होता.

"नेट गेलंय," मी म्हणालो.

"हो? मी ऑफलाइन आहे."

आता फ्रिजवर कागद चिकटवलाय: 'लोडशेडिंग, रात्री 8 ते 9, सर्वांसाठी.' काल त्याखाली आईच्या अक्षरात ओळ दिसली: 'सोमवार ते शनिवार सूट मिळावी.' त्याखाली नातवाची सही, अनुमोदक म्हणून.