प्रोप्रायटर : सौ.

प्रत्येक सरकारी कार्यालयात एक नाना असतात. आमच्या ठाण्याच्या कार्यालयात ते आवक-जावकच्या टेबलावर बसतात. टेबलाच्या वर शासनाचं राज्य, खाली नानांचं. एप्रिल-मेमध्ये तिथे देवगड हापूसच्या पेट्या, श्रावणात उपवासाची भाजणी, दिवाळीला चकल्या आणि अनारसे, संक्रांतीला तिळाच्या वड्या. मे महिन्यात येणारा माणूस दारातच थबकून खोल श्वास घेतो. "फायली पिकायला ठेवल्यात का हो?" असं एका आजोबांनी विचारलंही होतं. नानांनी त्यांना दोन डझन आंबे दिले.

म्हणजे नानांनी नव्हे, वहिनींनी. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम 1979 सालचे आहेत आणि नानांना ते पाठ आहेत. शासनाच्या परवानगीवाचून कर्मचाऱ्याला धंदा करता येत नाही. म्हणून पाकिटावर 'प्रोप्रायटर : सौ.' असं छापलंय आणि अन्न नोंदणीचा 14 आकडी नंबरही वहिनींच्याच नावावर आहे. घरच्या माणसाचा धंदा असेल तर तो शासनाला कळवावा लागतो. तोही कळवलाय, स्थळप्रत फायलीला आहे. बायकोच्या एजन्सीसाठी गिऱ्हाइकं गोळा करणं नियमात बसत नाही, तेव्हा चकलीच्या बाबतीतही नाना धोका पत्करत नाहीत. ते नुसता डबा उघडून सगळ्यांपुढे फिरवतात. "घ्या. मी काही म्हणत नाही." पुढचं काय ते चकली म्हणते.

खरी गंमत अशी, की नाना धंद्यात कारकून असतात आणि कार्यालयात दुकानदार. मी एकदा जाता जाता म्हटलं, "नाना, दोन किलो भाजणी लागेल." नाना म्हणाले, "तोंडी मागणीची दखल घेता येत नाही. लेखी द्या." दिलं. दुसऱ्या दिवशी माझी चिठ्ठी लाल शाईच्या शेऱ्यासह परत आली : 'भाजणी चकलीची की थालीपिठाची, याचा बोध होत नाही. त्रुटीपूर्तता करून फेरसादर करावे.' फेरसादर केली, तोवर मुदत टळली होती. दिवाळीला आम्ही बाजारच्या चकल्या खाल्ल्या.

तेच नाना खिडकीशी आलेल्या माणसाला म्हणतात, "या, बसा. काय देऊ?" अर्ज घेतात, हातोहात शिक्का मारून पोच देतात आणि वर विचारतात, "आणखी काही?" त्यांच्या टेबलावर कागद मुक्कामाला राहत नाही. साहेबांना याचं कोडं पडलंय, पण कारण साधं आहे. 29 फेब्रुवारी 2020 पासून आठवडा पाच दिवसांचा झाला आणि कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली. सव्वासहाला नानांना स्टेशन गाठायचं असतं, कारण डोंबिवलीत पाकिटं पोचवायची असतात. कामात चालढकल करायला लागणारा निवांतपणा त्यांच्याकडे नाही. वाढीव शनिवारी बाकीचे झोपले, नाना मसाल्याच्या गिरणीत रांगेला उभे राहिले.

दर दिवाळीनंतर हिशेबाची वही मिटून नाना जाहीर करतात, "बस झालं. नोकरी सोडतो. आता पूर्ण वेळ धंदा." आम्ही अभिनंदन करतो. मग नाना गणित मांडतात. ते 1 नोव्हेंबर 2005 च्या आधी लागलेले, म्हणजे जुन्या पेन्शनचे मानकरी. राजीनामा दिला तर मागची सगळी सेवा पाण्यात जाते. स्वेच्छानिवृत्ती घेता येईल, पण निघायचंच तर 58 व्या वर्षी पूर्ण पेन्शनसह का निघू नये? चहा संपेपर्यंत नोकरी वाचलेली असते.

एकदा वहिनी पेटी द्यायला आल्या होत्या, तेव्हा खरं कारण कळलं. "मी म्हणते, सोडा. पण मग गिऱ्हाईक कुठून आणायचं? निम्म्याहून जास्त माल तर याच तीन मजल्यांवर खपतो!" नाना तेवढ्यात आवक नोंदवहीत काहीतरी शोधू लागले.

गेल्या वर्षी आमच्या पतपेढीने 'नोकरी सांभाळून उद्योग' केल्याबद्दल नानांचा सत्कार केला. शाल नानांना, नारळ वहिनींना. भाषण नानांनी केलं. कष्ट, सचोटी, वेळेचं नियोजन, सगळं आलं. पहाटे चारला भाजणी कोण भाजतं आणि पाकिटं कोण भरतं, एवढंच राहून गेलं. त्या नारळाच्या वहिनींनी करंज्या केल्या. त्या आम्हीच विकत घेतल्या.

हल्ली नवीन लागलेली मुलं नानांकडे सल्ला मागायला येतात. नोकरी करून धंदा जमतो का? जमतो, नानांचा जमलाच आहे. फक्त नोकरी आपण सांभाळायची आणि धंदा सांभाळणारं माणूस घरात असावं लागतं. त्या माणसाला ना किरकोळ रजा, ना पेन्शन.

यंदाच्या भाजणीची नोंदणी सुरू झाली आहे. हवी असेल त्यांनी दोन प्रतींत अर्ज करावा, आणि तो सौ. प्रोप्रायटर यांच्या नावेच करावा.