पाच बोटांची मिनी

इंग्लंडात पाऊस पडतो, ही बातमी 1959 साली मिनी गाडी बनवणाऱ्यांपर्यंत पोचली नसावी. 848 सीसीचं इंजिन त्यांनी आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्याच तेलात बुडवला. इथवर अक्कल वाखाणण्यासारखी. पण प्लगांना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर ठेवला नेमका पुढच्या जाळीमागे. सर आली की गाडी ठप्प! त्यावर मालकांनी उपाय काढला भांडी घासायच्या रबरी हातमोज्याचा. बोटांची टोकं कापायची नि मोजा डिस्ट्रिब्युटरवर चढवायचा: चार वायरी प्लगांच्या, पाचवी कॉइलची. हिशेब बरोबर पाच बोटांचा. (हा योगायोग नव्हे, असं मानणारेही भेटतात.)

पुढे हौस वाढते. 1275 सीसीचं इंजिन येतं, जोडीला दोन कार्बोरेटर, रुंद चाकं. मूळचा उरतो तो दारांवरचा गंज. तरी मालक छातीठोक सांगणार, "एकदम ओरिजिनल!" 1964 च्या माँटे कार्लो रॅलीत पॅडी हॉपकर्क मिनी घेऊन जिंकला, ते तर असं सांगणार की शेजारी नकाशा धरून हाच बसला होता. बाहेर ढग दाटले, की मात्र गोष्ट अर्धवट टाकून स्वयंपाकघरात मोजा शोधायला धावतो.